घास कुठे अडतो ते आधी बघा: वयस्कांचा गिळण्याचा त्रास आणि त्यावरचे उपचार

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जेवताना ठसका लागू लागला की बहुतेक घरांत आधी "वय झालं आता" असं म्हटलं जातं. त्रास वाढला की भाकरी बंद होते आणि पातळ पेज, चहा, सरबत, सूप सुरू होतं. पातळ पदार्थ सहज उतरेल असं वाटणं साहजिक आहे. पण घशाचे स्नायू दुबळे झाले असतील किंवा मेंदूकडून वेळेवर इशारा मिळत नसेल, तर साधं पाणीच सगळ्यात अवघड असतं. ते तोंडातून वेगानं मागे जातं आणि श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत तिच्यात शिरतं. याउलट अन्ननलिका अरुंद झाली असेल तर पाणी, दूध उतरतं आणि भाकरी अडते. म्हणजे एका आजीला पातळ पेज धोक्याची आणि दुसऱ्या आजीचा तोच आधार. म्हणून आहार बदलण्याआधी घास नेमका कुठे अडतो ते शोधायचं.

घसा की अन्ननलिका

चार-पाच जेवणं शांतपणे बघा. गिळायला सुरुवातच होत नसेल, गिळता गिळता लगेच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होत असेल, घास एका गालात साठून राहत असेल, तर बिघाड तोंडात किंवा घशात आहे. पक्षाघात, कंपवात (पार्किन्सन), स्मृतिभ्रंश, तोंड-घशाच्या कर्करोगावर घेतलेला शेक (रेडिएशन), आणि वयानं किंवा कुपोषणानं झडलेले स्नायू ही त्याची नेहमीची कारणं. सैल झालेली कवळी आणि कोरडं तोंड हा त्रास आणखी वाढवतात.

गिळून झाल्यावर काही सेकंदांनी "इथं छातीत अडकलंय" असं माणूस सांगत असेल, तर अन्ननलिकेचा विचार करायचा. आधी भाकरी-मटण अडायचं, मग भात, आणि आता पातळसुद्धा, अशी चढती तक्रार असेल तर नळीत काहीतरी वाढतंय किंवा ती आकसतेय. त्यात वजन उतरत असेल तर दुर्बिणीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तंबाखू, मशेरी, विडी किंवा दारूची जुनी सवय असेल तर अजिबातच नाही. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून सारखंच अडत असेल तर नळीच्या हालचालीत दोष असण्याची शक्यता जास्त.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. पक्षाघातानंतर आणि कंपवातात घशाची संवेदना मंदावते. अन्न श्वासनलिकेत जातं, तरी ठसका येतच नाही. अशा माणसाच्या खुणा वेगळ्या असतात: वरचेवर ताप, छातीत कफ, जेवताना डोळ्यांत पाणी, जेवायला तासभर लागणं, घटणारं वजन, आणि "मला भूक नाही" असं रोजचं टाळणं. वर्षात दोनदा न्यूमोनिया झालेल्या आजोबांना ठसका लागत नाही म्हणून त्यांचं गिळणं बरोबर आहे असं समजू नका.

थांबायचं नाही अशा वेळा

तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. या माणसाला पाणी, चहा, गोळी काहीही तोंडानं देऊ नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नको. धीर द्यावा म्हणून पाणी पाजलं जातं आणि पुढच्या दोन दिवसांत छाती भरते.

स्वतःची लाळही गिळता येत नाही, घास अडकून बसलाय आणि पाणीही परत येतंय, रक्ताची उलटी झाली, किंवा ताप येऊन श्वास जलद झालाय आणि माणूस गुंगीत आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुणाकडे जायचं, काय विचारायचं

घशाच्या त्रासाला कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यावर काम करतात असा समज आहे, पण गिळण्याची तपासणी आणि व्यायाम हे त्यांचंच क्षेत्र आहे. छातीत अडकत असेल तर पोटविकारतज्ज्ञ. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यातून सुरुवात करायची असेल तर सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढा आणि "गिळण्याची तपासणी करायची आहे" असं स्पष्ट सांगा. नुसतं "खोकला आहे" म्हटलं की खोकल्याचं औषध घेऊन परत यायची वेळ येते.

सोबत तीन गोष्टी न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गेल्या काही महिन्यांतलं वजन, आणि जेवतानाचा दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ. डॉक्टरांपुढे माणूस सावरून बसतो आणि नीट गिळून दाखवतो. व्हिडिओत घरचं खरं चित्र दिसतं.

नेमकं निदान दोन तपासण्यांतून होतं. एकीत बेरियम मिसळलेले पातळ-घट्ट घास गिळायला देऊन क्ष-किरणांवर चलचित्र घेतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघत बघत खायला देतात. कुठल्या घट्टपणाला आणि मानेच्या कुठल्या स्थितीत अन्न श्वासनलिकेत जात नाही, हे यांतून कळतं. पुढचा सगळा आहार त्यावर ठरतो, म्हणून अहवालात हे लिहून मागा.

अन्ननलिकेच्या बाबतीत उपचार बहुतेक दुर्बिणीतूनच होतो. आम्लपित्तानं आकसलेली नळी रुंद करतात आणि आम्ल कमी करणारी गोळी चालू ठेवतात. खालची झडप उघडतच नसेल तर ती फुग्यानं ताणतात किंवा तिथला स्नायू कापतात. गाठ असेल तर तिच्यावर उपचार होतात, आणि जेवण उतरावं म्हणून जाळीची नळी बसवता येते.

बसणं आणि भरवणं

मांडी घालून ताटावर वाकून जेवणारी आपली पिढी. दुबळ्या माणसाची पाठ या बैठकीत गोल होते आणि मान पुढे लोंबते. खुर्ची घ्या. कंबर आणि गुडघे काटकोनात हवेत, पाय जमिनीवर किंवा पाटावर टेकलेले, ताट छातीच्या उंचीला. माणूस पलंगावरच असेल तर नुसत्या डोक्याखाली उशा रचू नका, त्यानं पोट दबतं आणि माणूस खाली घसरतो. पूर्ण पाठीला आधार द्या आणि गुडघ्यांखाली एक लोड ठेवा.

मान मागे टाकणं सगळ्यात घातक. तांब्या किंवा बाटली उंच धरून वरून पाणी प्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि गोळी घेताना मानेला मागे झटका द्यायचीही. दोन्हींत श्वासनलिका सताड उघडी राहते. अशा माणसासाठी रुंद तोंडाचा पेला वापरा आणि तो निम्म्याच्या वर भरलेला ठेवा, म्हणजे शेवटच्या घोटासाठी मान मागे न्यावी लागत नाही. हनुवटी किंचित छातीकडे झुकवून गिळणं अनेकांना उपयोगी पडतं, पण सगळ्यांना नाही. तपासणीत ते फायद्याचं दिसलं असेल तरच सांगा. पक्षाघातात घशाची एक बाजू दुबळी असेल तर मान त्या दुबळ्या बाजूला वळवून गिळायला थेरपिस्ट सांगतात. त्यामुळे ती बाजू दबते आणि घास चांगल्या बाजूनं उतरतो. घास तोंडात ठेवतानाही चांगल्या बाजूलाच ठेवायचा.

भरवणाऱ्यानं समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की माणूस वर बघतो आणि मान मागे जाते. टीव्ही बंद. एका वेळी चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली. चमचा जिभेवर हलका दाबून सरळ बाहेर काढा, वरच्या दातांवर खरवडू नका. कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबा, मग रिकाम्या तोंडानं पुन्हा एकदा गिळायला सांगा. चार-पाच घासांनंतर "आऽऽ" म्हणायला लावा. आवाज ओला आला तर खोकून घसा साफ करायला सांगा आणि परत गिळू द्या. माणूस अर्धवट झोपेत असताना कधीही भरवू नका, जेवण अर्धा तास पुढे ढकललं तरी चालेल. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तर स्नायू थकतात आणि शेवटचे घास सर्वांत धोक्याचे होतात. त्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. जेवणानंतर किमान ३० मिनिटं बसवून ठेवा, आणि गालात घास राहिलाय का ते बोटाला कापड गुंडाळून बघा.

कंपवाताच्या माणसाचं जेवण गोळीच्या वेळेशी बांधा. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं दिली की हातपायांसोबत कधीकधी घसाही मोकळा चालतो. जेवणातली प्रथिनं या गोळीचं शोषण अडवतात, तेही टळतं.

पाणी किती घट्ट हवं ते मोजणं

"जरा घट्ट करा" या सांगण्याला अर्थ नसतो, कारण सुनेचं घट्ट आणि मुलीचं घट्ट वेगळं असतं. त्यासाठी जगभर आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पातळ्यांची पद्धत वापरतात. पातळ पदार्थ मोजायला औषधाच्या दुकानातली सुईविना १० मिलीची सिरिंज पुरते. तिच्यावरचं ० ते १० मिलीचं माप पट्टीनं मोजून ६१.५ मिलिमीटर भरलं पाहिजे, नाहीतर उत्तर चुकतं. दट्ट्या काढा, टोक बोटानं बंद करा, १० मिलीपर्यंत भरा, बोट काढून १० सेकंद वाहू द्या, परत बंद करा. आत उरलं ते वाचा:

१ मिलीपेक्षा कमी: पातळी ०, साधं पाणी
१ ते ४ मिली: पातळी १
४ ते ८ मिली: पातळी २
८ मिलीपेक्षा जास्त, पण थोडं तरी वाहिलं: पातळी ३
थेंबही पडला नाही: पातळी ४ किंवा त्याहून घट्ट

पातळी ४ चा पदार्थ चमच्यावर आकार धरून राहतो आणि चमचा तिरका केला की एकसंध घसरतो. चमच्याला चिकटून बसला तर तो घशातही चिकटणार.

घट्ट करायला दोन मार्ग आहेत. झँथन गमची तयार पावडर औषधाच्या दुकानात मिळते. डब्यावर लिहिलेलं माप पाण्यात टाकून ढवळा आणि सांगितलेली मिनिटं थांबा. घाईनं आणखी टाकली की दहा मिनिटांनी खळ होते. दुसरा मार्ग घरचा, नाचणी किंवा तांदळाचं पीठ. २०० मिली पाण्याला एक मोठा सपाट चमचा पीठ शिजवून सुरुवात करा, कोमट झाल्यावर सिरिंजनं मोजा आणि पुढच्या वेळी पीठ कमी-जास्त करा. आंबील गार होताना घट्ट होते, म्हणून ज्या उष्णतेला द्यायची त्याच उष्णतेला मोजायची. पिठाच्या पदार्थांना एक खोड आहे: लाळेतला पाचक रस पिष्ट पातळ करतो. उष्टा चमचा वाटीत परत परत बुडवला की शेवटी वाटीत पाणी उरतं. चमचाभर वेगळ्या वाटीत काढून त्यातून भरवा. झँथनला हा त्रास नाही.

आईस्क्रीम आणि बर्फ तोंडात विरघळून पाणी होतात, त्यांना घट्टमध्ये धरू नका. ताक, उसाचा रस, नीरा, गंगावेशीतलं धारोष्ण दूध हे सगळं पातळी ० किंवा तिच्या जवळचं. छाती कमजोर असलेल्या माणसाला कच्चं दूध तसंही नको, उकळूनच द्या.

घट्ट केलेल्या पाण्याची चव कुणालाच आवडत नाही, आणि माणसं पिणंच सोडतात. लघवी गडद झाली, जीभ कोरडी पडली, गोंधळ वाढला तर पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाचं बंधन नसेल तर दिवसाला साधारण दीड लिटरचं लक्ष्य ठेवा आणि पेले मोजा. काही जणांना तोंड स्वच्छ धुतल्यावर, जेवणाच्या वेळा सोडून, साध्या पाण्याचे छोटे घोट देता येतात. ती परवानगी थेरपिस्टकडून घ्या.

कोल्हापूरचं ताट

पातळ रस्सा आणि कोरडं, भुगा होणारं काहीतरी एकाच घासात येणं सर्वांत वाईट. मिसळ म्हणजे नेमकं हेच: पातळ कट, वर शेव-फरसाण, मध्ये मटकीचे दाणे. भडंग, चिवडा, कोरडे पोहे, शेंगदाण्याची भरड चटणी, मोकळा भात, पावाचा लगदा, तंतू असलेलं मटण, साल असलेली द्राक्षं बंद. शेवयांची खीर आणि दुधात नुसती बुडवलेली चपातीही त्यातच येते. भाकरी द्यायची तर पापुद्रा काढून कुस्करा, गरम आमटीत किंवा दुधात झाकून दहा मिनिटं ठेवा, आणि वेगळं पाणी दिसेनासं होईपर्यंत घोटा. त्याहून सोप्या म्हणजे ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या.

घरातलं पुरणयंत्र बाहेर काढा. शिजलेला भोपळा, बटाटा, गाजर, डाळ त्यातून काढलं की साल-धागे वर राहतात आणि गुळगुळीत गर खाली येतो. हुलग्याचं माडगं, तूप घातलेली पाच-सहा पट पाण्यात शिजवून घोटलेली मुगाची खिचडी, बिनपाण्याचं दही, गुठळ्या नसलेली बासुंदी, मऊ अंडं हे चांगले पर्याय. सणाला पोळी नको, पण दूध घालून सैल केलेलं पुरण नक्की द्या.

बारीक तुकडे चालतील असं सांगितलं असेल (पातळी ५) तर तुकडा ४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढा, आणि हलक्या दाबानं चिरडला पाहिजे. मटण हवं असेल तर खिमा दोनदा दळून आणा, मऊ शिजवा आणि वाटणाच्या दाट रश्श्यात ओला ठेवा. पांढरा रस्सा गाळून खडा मसाला काढा आणि काजू-खसखशीच्या वाटणानं किंवा शिजलेला भात मिक्सरला लावून दाट करा. तांबड्याचा वरचा तेलाचा कट काढून खालचं वाटण घ्या.

फोडणीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मोहरी, जिरं, कढीपत्ता, कोथिंबिरीची काडी घशात चिकटून बसते आणि तासाभरानं ठसका आणते. फोडणी चहाच्या गाळणीतून गाळून फक्त तेल घाला. चव मात्र काढून घेऊ नका. आलं, लसूण, लिंबू, सोसेल इतकं तिखट यांनी तोंड-घशाला जाग येते आणि गिळण्याचा इशारा लवकर मिळतो. आयुष्यभर झणझणीत खाल्लेल्या माणसापुढे रोज फिक्का लगदा ठेवला तर तो जेवण टाळतो, आणि उपास हेच त्याच्या स्नायूंचं मोठं नुकसान आहे.

वयस्कांना वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ केलेल्या जेवणात ती कमी पडतात. प्रत्येक वाटीत दूध पावडर, कुस्करलेलं पनीर, अंडं किंवा डाळ मिसळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्या

नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटू नका, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पँटोप्रॅझोलसारख्या आवरणाच्या गोळ्याही नाहीत. पातळ औषध किंवा तोंडात विरघळणारी गोळी आहे का, ते विचारा. कुटता येणाऱ्या गोळ्या दह्याच्या किंवा फळाच्या गरात, एका वेळी एक. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियम आणि हाडांसाठीची अॅलेंड्रोनेट नळीत अडकली तर तिथं जखम करतात, म्हणून गिळायचा त्रास असलेल्याला त्या द्यायच्या की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवीच्या काही गोळ्या आणि अॅमिट्रिप्टिलीन तोंड कोरडं पाडतात. झोपेच्या गोळ्यांनी गिळणं सुस्तावतं.

तोंडाची सफाई हाही उपचार

लाळ सगळ्यांच्याच घशातून थोडी श्वासनलिकेत उतरते. तोंडात जंतू साठलेले असतील तर तीच न्यूमोनिया घडवते. मऊ ब्रशनं दिवसातून दोनदा दात, हिरड्या आणि जीभ. चूळ भरता येत नसेल तर पेस्ट अगदी नखाएवढी आणि शेवटी ओल्या कापडानं पुसून घ्या. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात. दात नसलेल्यांचं आणि नळीनं जेवणाऱ्यांचंही तोंड साफ करायचं.

व्यायाम

हे थेरपिस्टनं दाखवल्यावर करायचे. उशीविना उताणं झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटं दिसतील इतकं डोकं उचलायचं: ६० सेकंद धरा, ६० सेकंद विश्रांती, असं तीनदा, मग ३० वेळा भराभर वर-खाली. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. सुरुवातीला दहा-वीस सेकंदच जमतात, तेवढ्यावर सुरू करा. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर हा टाळा. त्याऐवजी खुर्चीत बसून हनुवटीखाली छोटा रबरी चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून दाबायचा, मोजणी तीच. सोबत जोर लावून गिळणं: गळ्याचे सगळे स्नायू आवळून एक घोट. जीभ दातांत धरून गिळण्याचा व्यायाम फक्त लाळेवर, अन्नासोबत कधीच नाही.

घास अडकला तर

माणूस खोकतोय तोवर खोकू द्या, पुढे झुकवा. पाठीत थापटू नका, पाणी पाजू नका. आवाज, खोकला, श्वास काहीच येत नसेल तर पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळानं ५ जोरदार थपडा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर ५ वेळा आत आणि वर झटका. आळीपाळीनं चालू ठेवा, दुसऱ्यानं १०८ लावावा. शुद्ध गेली तर जमिनीवर झोपवून छातीवर दाब सुरू करा. न दिसणाऱ्या घासासाठी तोंडात बोट घालू नका.

नळीचा निर्णय

काही दिवस पुरेसं जेवण जात नसेल तर नाकातून रायल्स ट्यूब घालतात. प्रत्येक वेळी भरवण्याआधी नाकाजवळची खूण सरकली नाही ना ते बघा. सरकली असेल किंवा माणूस सारखा खोकत असेल तर काहीही ओतू नका. डोकं किमान ३० ते ४५ अंश वर. गाळलेलं २०० ते २५० मिली अन्न उंचीवरून आपोआप उतरू द्या, वीस मिनिटं तरी लागू द्यात. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. महिन्याहून जास्त लागणार असेल तर पोटातून बसवायच्या पेग नळीबद्दल विचारा.

पक्षाघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचं गिळणं सुधारतं, म्हणून तिथं नळी हा पूल आहे आणि गिळण्याची फेरतपासणी मागत राहायची. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र नळीनं न्यूमोनिया टळत नाही आणि आयुष्यही वाढत नाही. माणूस ती ओढून काढतो, मग हात बांधले जातात. तिथं जितकं सुखानं जाईल तितकं चमच्यानं, हळूहळू, आवडीचं भरवणं हाच जाणकार डॉक्टरांचा सल्ला असतो. घरातल्या सगळ्यांनी, आणि शक्य असेल तेव्हा त्या माणसानं स्वतः, हे आधीच बोलून ठेवावं. रात्री दवाखान्यात सही मागतात तेव्हा विचाराला वेळ नसतो.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी घ्या. महिन्यात ५ टक्के घटलं, ६० किलोच्या माणसाचे ३ किलो, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आहार आणि घट्टपणा दोन्ही पुन्हा तपासून घ्या.